ठासणीची बंदूक, धानाची बांधी आणि सकारण उत्तराचा हक्क

१/ भंडारा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशाच्या सीमेलगत नाकाडोंगरी हे गाव आहे. एकीकडे सातपुड्याच्या पायथ्याचे जंगल, दुसरीकडे डोंगरी बुजुर्ग आणि चिखला येथील मँगनीजच्या खाणींचा पट्टा, आणि मधल्या भागात धानाच्या बांध्या. वनखात्यात याच नावाचे एक वनपरिक्षेत्रही आहे. अशा मुलखात बंदुकीच्या परवान्याचा संबंध शौकाशी फारसा नसतो. लोंबीत दाणा भरू लागला की रानडुकरांचे कळप उतरतात आणि शेतकऱ्याला मचाणावर जागल करावी लागते. परवान्याचा प्रश्न तिथून सुरू होतो.

२/ बंदुकीचा परवाना ही सरकारने केलेली कृपा, की नागरिकाचा हक्क? या प्रश्नाला भारतात गेल्या दीडशे वर्षांत किमान तीन वेगवेगळी उत्तरे मिळाली. आज लागू असलेले उत्तर या दोन्ही शब्दांत नेमके बसत नाही. ते समजून घेण्यासाठी १८५७ पर्यंत मागे जावे लागते.

३/ नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले आणि भंडारा कंपनी सरकारच्या अमलाखाली आला. तीनच वर्षांनी, जून १८५७ मध्ये, नागपुरातील अनियमित घोडदळात कट उघडकीस आला आणि त्या घोडदळाची शस्त्रे काढून घेण्यात आली. उठाव शमल्यावर अवधमध्ये निःशस्त्रीकरणाची मोठी मोहीम निघाली. गढ्या पाडल्या गेल्या, गावोगावची हत्यारे जमा झाली. १८६० च्या ३१ व्या कायद्याने या धोरणाला कायद्याचे रूप दिले.

४/ पुढचे आणि सर्वांत टिकाऊ पाऊल पडले १८७८ मध्ये. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन याच्या कारकिर्दीत त्या एकाच वर्षी दोन कायदे झाले: देशी भाषांतील वृत्तपत्रांवर बंधने घालणारा मुद्रण कायदा आणि भारतीय शस्त्र कायदा. पहिला लॉर्ड रिपनच्या काळात १८८२ मध्ये रद्द झाला. दुसरा मात्र स्वातंत्र्यानंतरही १९६२ पर्यंत टिकला. लेखणीवरची बेडी चार वर्षांत निघाली, हत्यारावरची ८४ वर्षे राहिली.

५/ या कायद्याचा खरा दंश त्याच्या सवलतींत होता. परवाना भारतीयाला लागे. युरोपीय आणि अँग्लो-इंडियन यांना नियमांनी त्यातून सूट दिली होती. राजेरजवाडे, काही मानकरी आणि कुर्गमधील कोडव यांसारखे मोजके समाजही सुटीच्या यादीत होते. म्हणजे कायदा बंदूक पाहून लागू होत नसे, बंदूक कोणाच्या हाती आहे ते पाहून लागू होई.

६/ त्याच काळातल्या इंग्लंडशी तुलना केली की हा भेद लख्ख दिसतो. तिथे १८७० च्या कायद्यानुसार घराबाहेर बंदूक बाळगण्यासाठी परवाना लागे खरा, पण तो १० शिलिंग भरून टपाल कचेरीत मिळे. तो मुख्यतः महसुलाचा विषय होता. ब्रिटनमध्ये बंदुकांवर पोलिसी नियंत्रण आणणारा व्यापक कायदा झाला तो १९२० मध्ये. लंडनच्या रहिवाशाला टपाल कचेरीची खिडकी पुरत असताना भंडाऱ्याच्या शेतकऱ्याला साहेबाची मर्जी लागत होती.

७/ साहजिकच हा कायदा राष्ट्रीय अपमानाचे प्रतीक ठरला. १८८७ च्या मद्रास काँग्रेसमध्ये त्याविरुद्ध ठराव आला आणि तरुण बिपिनचंद्र पाल यांनी त्याला जोरदार पाठिंबा दिला. ‘केसरी’नेही निःशस्त्रीकरणाच्या धोरणावर कठोर टीका केली. पहिल्या महायुद्धानंतर नियमांतील उघड वंशभेद काढला गेला, पण परवाना देणे न देणे ही अधिकाऱ्याच्या मर्जीची बाब राहिली.

८/ आता एक गोष्ट अनेकांना चकित करते. अहिंसेचे प्रणेते महात्मा गांधी यांनी जानेवारी १९३० मध्ये लॉर्ड आयर्विन यांच्यासमोर ज्या ११ मागण्या मांडल्या, त्यांत मीठकर रद्द करण्याबरोबरच स्वसंरक्षणासाठी, लोकनियंत्रणाखाली, बंदुकीचे परवाने देण्याची मागणीही होती. यात विसंगती नाही. हत्यार हाती असून ते न उचलणे वेगळे, आणि उचलण्याची लायकीच नाही असे दुसऱ्याने ठरवणे वेगळे. गांधीजींचा आक्षेप या दुसऱ्या गोष्टीला होता.

९/ मार्च १९३१ मध्ये वल्लभभाई पटेल यांच्या अध्यक्षतेखाली कराचीत काँग्रेसचे अधिवेशन झाले. तिथे मूलभूत हक्कांचा जो ठराव संमत झाला, त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्कही नोंदवला होता. कृपेच्या जागी आता ‘हक्क’ हा शब्द आला. हे दुसरे उत्तर.

१०/ हा शब्द राज्यघटनेत मात्र शिरला नाही. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत स्वातंत्र्याच्या हक्कांवर चर्चा चालू असताना हरी विष्णु कामथ यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क घालण्याची दुरुस्ती सुचवली आणि कराची ठरावाचा दाखला दिला. कामथ हे मध्य प्रांत व वऱ्हाडचे प्रतिनिधी होते. भंडारा जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात होता.

११/ दुरुस्तीला विरोध केला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी. (हेच आंबेडकर पुढे १९५४ मध्ये भंडारा लोकसभा पोटनिवडणुकीत उभे राहिले आणि पराभूत झाले.) त्यांच्या युक्तिवादाचा आशय असा: ब्रिटिशांनी देश निःशस्त्र केला होता म्हणून त्या काळी ही मागणी योग्य होती, स्वतंत्र देशात ती सरसकट मूलभूत हक्क म्हणून दिली, तर गुन्हेगारालाही ती मागता येईल. दुरुस्ती फेटाळली गेली.

१२/ घटनेत याच्या खुणा दिसतात. अनुच्छेद १९ सभा भरवण्याचे स्वातंत्र्य देतो, ते ‘शांततेने व विनाशस्त्र’ जमण्याचे. अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणात शिखांचे कृपाण येते, पण ते धर्मस्वातंत्र्याचा भाग म्हणून. अमेरिकेत १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने शस्त्राचा हक्क घटनेत बसवला. भारताने जाणूनबुजून तो मार्ग टाळला. फेब्रुवारी २०२३ मध्ये विनापरवाना शस्त्रांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेताना सर्वोच्च न्यायालयाने अमेरिकेशी असलेला हाच फरक नोंदवला.

१३/ मग ‘मूलभूत हक्क नाही, म्हणजे पुन्हा कृपाच’ असे समजायचे का? इथेच बहुतेकांची गल्लत होते. १९५९ चा शस्त्र कायदा, जो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला, तिसरे उत्तर देतो. तो अर्जदाराला बंदुकीची हमी देत नाही, पण त्याला अधिकाऱ्याच्या लहरीवरही सोडत नाही. त्यातील काही कलमे मुळातून वाचण्यासारखी आहेत.

१४/ कलम १३: अर्ज आल्यावर पोलिसांचा अहवाल मागवायचा आणि चौकशी करून लेखी आदेशाने परवाना द्यायचा किंवा नाकारायचा. याच कलमात एक खास तरतूद आहे. किमान २० इंच नळीची गुळगुळीत नळीची बंदूक संरक्षणासाठी वा खेळासाठी, अथवा ठासणीची बंदूक खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी हवी असेल, तर इतर तरतुदींच्या अधीन राहून परवाना ‘द्यावा’ असे कायदा म्हणतो. ‘देता येईल’ असे म्हणत नाही. पूर्व विदर्भात जिला भरमार म्हणतात ती हीच बंदूक. ती पुरेशी ठरणार नाही अशी खात्री पटल्यास गुळगुळीत नळीची दुसरी बंदूकही देता येते.

१५/ कलम १४: नकाराची कारणे ठरलेली आहेत. अर्जदार कायद्याने अपात्र असणे, मनोविकल असणे, सार्वजनिक शांतता वा सुरक्षिततेला धोका असणे ही त्यांतली मुख्य. नकार दिल्यास कारणे लिहून ठेवावी लागतात आणि अर्जदाराने मागितल्यास त्यांचे संक्षिप्त निवेदन द्यावे लागते. जनहिताला बाधा येत असेल तरच ते रोखता येते. आणि एक सुंदर पोटकलम: अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, केवळ एवढ्या कारणावरून परवाना नाकारता येणार नाही. ज्या देशात बंदूक हे मानकऱ्यांचे लक्षण होते, तिथे हे वाक्य म्हणजे सामाजिक क्रांतीची एक छोटी नोंद आहे.

१६/ कलम १७ परवाना निलंबित वा रद्द करण्याची कारणे सांगते. तिथेही लेखी आदेश आणि कारणे लागतात. कलम १८ अपिलाचा मार्ग देते. जिल्हादंडाधिकाऱ्याच्या आदेशाविरुद्ध विभागीय आयुक्तांकडे दाद मागता येते, म्हणजे भंडाऱ्याच्या अर्जदाराला नागपुरात. म्हणणे मांडण्याची वाजवी संधी दिल्याशिवाय अपील निकाली काढता येत नाही. १८७८ च्या राजवटीत साहेबाचा नकार बहुधा शेवटचा शब्द असे. १९५९ च्या कायद्यात नकारालाही उत्तर देता येते.

१७/ परवानाधारकाच्या अधिकारांबरोबर बंधनेही येतात. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील बंदुकांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आली आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली. बंदूक जमिनीसारखी वारसाच्या नावावर आपोआप चढत नाही. वारसाला स्वतःचा परवाना मिळवावा लागतो. परवाना संपला वा रद्द झाला, तर हत्यार पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. स्वसंरक्षणाची मर्यादाही परवान्याने वाढत नाही. ती पूर्वी भारतीय दंड संहितेने ठरवलेली होती, आता भारतीय न्याय संहितेने ठरवलेली आहे.

१८/ निवडणुकीच्या काळात बंदुका जमा करण्याचे आदेश निघतात, तेव्हा हा प्रश्न गावागावांत चर्चेला येतो. सर्वच परवानाधारकांची शस्त्रे सरसकट जमा करण्याच्या प्रथेला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. त्यातून जी पद्धत रुजली ती अशी: जिल्हास्तरीय छाननी समितीने प्रत्येक प्रकरण तपासावे आणि जामिनावर सुटलेले, गुन्हेगारी पार्श्वभूमी असलेले, पूर्वी दंगलीत सामील असलेले यांसारख्यांची शस्त्रे जमा करून घ्यावीत. तत्त्व तेच आहे. माणूस पाहून, कारण देऊन निर्णय घ्यावा. गठ्ठ्याने घेऊ नये.

१९/ आता पुन्हा नाकाडोंगरीच्या बांधीवर. १९५९ च्या कायद्याने शेतकऱ्याला ठासणीच्या बंदुकीसाठी दार उघडे ठेवले. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि त्या बंदुकीसमोरचे लक्ष्यच कायद्याच्या छत्राखाली गेले. आज रानडुक्कर अनुसूची २ मध्ये आहे. पीक संरक्षणाचा परवाना खिशात असला, तरी त्या आधारावर रानडुक्कर मारता येत नाही. त्यासाठी वन्यजीव कायद्याच्या कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा प्राधिकृत अधिकारी यांची वेगळी परवानगी लागते. मारलेले जनावर सरकारची मालमत्ता ठरते.

२०/ जीव वाचवण्यासाठी सद्भावनेने केलेल्या कृतीला हा कायदा गुन्हा मानत नाही, पण ती सवलत माणसाच्या जिवापुरती आहे, धानापुरती नाही. शिवाय अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत नवा शस्त्र परवाना द्यायचा झाल्यास मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती लागते. २०१३ मध्ये कोका अभयारण्य घोषित झाल्यावर भंडारा जिल्ह्याच्या काही भागाला ही अट लागू झाली.

२१/ यामागचा हेतू चुकीचा नाही. पीक संरक्षणाच्या नावाखाली घेतलेल्या बंदुकांनी अनेक वर्षे चोरटी शिकार झाली. तुमसरच्या उत्तरेकडचे जंगल पेंच, नागझिरा आणि कान्हा यांच्या दरम्यानच्या वाघांच्या वावराचा भाग आहे. तिथे प्रत्येक शेतावर एक भरमार असावी, असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. पण दोन कायदे आणि दोन कचेऱ्या यांच्या मधल्या फटीत शेतकरी अडकतो, हेही खरे. एक कायदा म्हणतो बंदूक घे, दुसरा म्हणतो चालवू नकोस, आणि दोघांची सांगड घालून शेतकऱ्याला एकच स्पष्ट उत्तर देण्याची जबाबदारी कोणाचीच राहत नाही.

२२/ उत्तर न मिळाल्याची किंमत रान मोजते. विदर्भात शेताभोवती विजेचा प्रवाह सोडलेल्या तारांनी रानडुकरांबरोबर वाघ, बिबटे आणि कधी माणसेही मेली आहेत. परवान्याच्या बंदुकीमागे एक नाव, एक क्रमांक आणि एक जबाबदार माणूस असतो. अंधारातली तार निनावी असते, आणि समोर कोण आले हे ती पाहत नाही. परवान्याची वाट अस्पष्ट ठेवून शासनाने हत्या थांबवलेली नाही, ती फक्त नोंदीबाहेर ढकलली आहे.

२३/ लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की दोन्ही कायद्यांची अपेक्षा एकच आहे. शस्त्र कायदा नकाराची कारणे लिहायला लावतो. वन्यजीव कायद्याचे कलम ११ परवानगी लेखी आदेशाने आणि कारणे नमूद करून द्यायला सांगते. मग दोन्ही खात्यांनी एकाच अर्जावर, ठरल्या मुदतीत, एकत्र बसून निर्णय का देऊ नये? परवानगी द्यायची तर किती जनावरांसाठी, किती काळ आणि कोणाच्या देखरेखीखाली ते लिहावे. नाकारायची तर कारण लिहावे आणि त्याच कागदावर नुकसानभरपाईची किंवा कुंपणाची व्यवस्था सांगावी. नकार हा देखील न्याय्य निर्णय असू शकतो. मौन मात्र कधीच नसते.

२४/ इतिहासाच्या अभ्यासकाने या प्रकरणातून घ्यायची गोष्ट बंदुकीपेक्षा मोठी आहे. १८७८ च्या कायद्यावरचा राग केवळ हत्यारासाठी नव्हता. विचारल्यावर उत्तर न देणाऱ्या सत्तेवरचा तो राग होता. संविधान सभेने शस्त्राचा मूलभूत हक्क नाकारला तो कारणे देऊन, खुल्या चर्चेत, मतदान घेऊन. १९५९ च्या कायद्याने तीच शिस्त जिल्ह्याच्या कचेरीवर बंधनकारक केली. परवानाधारकाचे आणि अर्जदाराचे खरे अधिकार याच शिस्तीत आहेत: लेखी आदेश, नोंदवलेली कारणे, सुनावणी, अपील.

२५/ म्हणून परवान्याच्या वादात ‘बंदूक मिळालीच पाहिजे’ आणि ‘बंदूक नकोच’ या दोन टोकांच्या घोषणा सारख्याच अपुऱ्या आहेत. नाकाडोंगरीच्या शेतकऱ्याला बंदूक मिळावी की न मिळावी, यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. त्याने अर्ज केल्यावर धान कापून होण्याच्या आत त्याला सकारण उत्तर मिळावे, यावर मतभेदाला जागा नाही. तेवढे मिळाले तर १८७८ चा कायदा कागदावरून गेला तसा कचेरीच्या सवयीतूनही गेला, असे म्हणता येईल.